रिपोर्टच्या आधी घड्याळ बघा: डायलिसिसवरच्या माणसाचं पोटॅशियम, मीठ-पाणी आणि रक्तातलं आम्ल

मे महिन्यातला सोमवार, सकाळचे सव्वासहा. पहिल्या शिफ्टच्या मशीन धुऊन तयार होत होत्या. आमचे काटोलकडचे एक काकाजी नेहमी काठी न घेता चालत येणारे. त्या दिवशी मुलाच्या खांद्यावर हात टाकून आले. "पाय उचलत नाही न जी सिस्टर, बाकी काही नाही." (मी सिस्टर नाही, डायलिसिस टेक्निशियन आहे. पण नागपुरात या कामातली प्रत्येक बाई सिस्टरच असते, ते दुरुस्त करायचा नाद मी कधीच सोडला.) नाडी धरली तर ४४. वजन साडेतीन किलो वर. शेवटचं डायलिसिस शुक्रवारी झालेलं. मुलगा म्हणाला, शनिवारचा उपास होता, आणि रविवारी ऊन फार म्हणून दोन शहाळी पाजली.

रक्त काढलं, पण रिपोर्टची वाट बघितली नाही. ईसीजी काढला, डॉक्टरांना उठवलं, इंजेक्शन गेलं, मशीन लागली. लॅबचा फोन आला तेव्हा काकाजींना मशीनवर तास होत आला होता. पोटॅशियम ७.४.

त्या दिवशी आकड्याने आम्हाला काहीच नवीन सांगितलं नाही. सगळं आधीच समोर होतं: शुक्रवार ते सोमवारची फट, साडेतीन किलो, उपास, शहाळी, जड पाय. डायलिसिसवरच्या माणसाचा कुठलाही रिपोर्ट असाच वाचावा लागतो, घड्याळ आणि वजनकाटा शेजारी ठेवून. हा लेख घरच्यांसाठी आहे आणि नव्याने या कामाला लागलेल्या मुलामुलींसाठीही. औषधं आणि मात्रा लिहिल्या आहेत त्या काय चाललंय हे समजावं म्हणून. घरी करून बघायला नाहीत.

पायरी १: आकड्याला वेळ चिकटवा

धडधाकट किडन्या रात्रंदिवस काम करतात, म्हणून निरोगी माणसाचं पोटॅशियम कधीही तपासा, ३.५ ते ५ च्या आतच सापडतं. आपल्या पेशंटचं रक्त आठवड्यातून दोनदा-तीनदा चार तास साफ होतं आणि बाकी सगळा वेळ साठत जातं. त्याचे आकडे करवतीच्या दात्यांसारखे चढतात, पडतात. एकाच बाईचं पोटॅशियम सकाळी सातला ५.८, अकराला ३.४ आणि संध्याकाळी ४.३ असू शकतं, आणि तिन्ही आकडे खरे असतात. बायकार्बोनेटचं, म्हणजे रक्तातलं आम्ल मारणाऱ्या क्षाराचं, नेमकं उलट: आधी १९, उतरल्यावर २७.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, शिकले मात्र चूक करून. नवीन होते. एका पेशंटचं रक्त डायलिसिस संपता संपता काढलं आणि फॉर्मवर 'डायलिसिसनंतर' लिहायचं राहिलं. रिपोर्टमध्ये पोटॅशियम ३.१. पेशंट दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या कामासाठी दाखवायला गेला, तिथे कोणीतरी तो कागद बघून पोटॅशियमचं सिरप लिहून दिलं. त्याने दोन दिवस इमानदारीने घेतलं. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा ६.८. सिरप लिहिणाऱ्याला दोष देत नाही. कागदावर वेळ नव्हती आणि ती लिहिणं माझं काम होतं.

झालं काय, तर शरीरातलं जवळपास ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. मशीन साफ करते ते रक्त. पेशींमधलं पोटॅशियम मागाहून हळूहळू बाहेर येतं आणि सहा तासांत आकडा परत वर चढतो. म्हणून डायलिसिस संपल्या संपल्या दिसणाऱ्या कमी पोटॅशियमवर उपचार करायचा नसतो.

फॉर्मवर तीन गोष्टी लिहाच: आधीचं की नंतरचं, आजची वेळ, शेवटचं डायलिसिस कधी. दोन डायलिसिसमधल्या सगळ्यात लांब फटीनंतरचा आकडा हा सर्वात वाईट आकडा असतो, आणि तुलना करायची तर प्रत्येक महिन्यात त्याच वाराचं रक्त घ्यायचं.

रक्त काढण्याची पद्धतही आकडा बिघडवते. पहिली सुई टोचली की लगेच, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) किंवा सलाइन आत जाण्याआधी काढायचं. हातातून काढत असाल तर पट्टा फार वेळ आवळून ठेवायचा नाही, आणि "मूठ उघडा-बंद करा काकू" ही सवय सोडायची. स्नायू दाबले की पोटॅशियम बाहेर पडतं, लाल पेशी फुटल्या तरी बाहेर पडतं. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' असं लिहिलेलं असेल तर त्या आकड्यावर विश्वास टाकू नका, लगेच दुसरं रक्त पाठवा. आणि एक उन्हाळी चूक: रक्त खराब होईल म्हणून घरचे नळी बर्फाच्या डब्यात घालून लॅबला नेतात. गार रक्तात पेशी पोटॅशियम आत धरून ठेवू शकत नाहीत, उलट आकडा खोटा वाढतो. बर्फ नको, उशीर नको. तास-दोन तासांत लॅबमध्ये पोचलं पाहिजे.

पायरी २: पोटॅशियमचा जमाखर्च मांडा

अदमासे हिशोब करू. पोटॅशियमवर लक्ष ठेवून जेवणारा माणूस दिवसाला दोन-सव्वादोन ग्रॅम पोटॅशियम पोटात घालतो. ३९ मिलिग्रॅम म्हणजे १ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे रोजचे साधारण ५५, आठवड्याचे ३८५. एका चार तासांच्या डायलिसिसमध्ये ७० ते १०० निघतात. तीनदा झालं तर अडीचशेच्या आसपास, दोनदा झालं तर पावणेदोनशे. उरलेलं कुठे जातं? थोडं लघवीतून, जर होत असेल तर, आणि बरंचसं संडासातून. किडनी बंद पडल्यावर मोठं आतडं हे काम पूर्वीपेक्षा जास्त करायला लागतं.

हा हिशोब एकदा डोक्यात बसला की दोन गोष्टी आपोआप कळतात. आठवड्यातून दोनदाच येणाऱ्याला ताट जास्त जपावं लागतं. आपल्याकडे उमरेड-भंडाऱ्याहून एसटीने येणारे पुष्कळ जण दोनदावालेच आहेत. आणि बद्धकोष्ठ ही डायलिसिसमध्ये पोटाची किरकोळ तक्रार नसते, पोटॅशियमची तक्रार असते. तीन दिवस संडास झाली नाही हे मला वजनाइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्यावर लॅक्टुलोजसारखं औषध चालतं. मिल्क ऑफ मॅग्नेशिया नको, ते मॅग्नेशियम बाहेर पडायला जागा नसते. फॉस्फेटचा एनिमाही नको. इसबगोलाला पाणी लागतं, तेवढं पाणी आपल्याकडे नसतं.

आता ताट. संत्र्याबद्दल मला रोज विचारतात, आणि नागपुरात राहून संत्रं बंद म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एका मध्यम संत्र्यात पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. आकडा आवाक्यात असेल तर डायलिसिसच्या दिवशी एक संत्रं, चघळून खाल्लेलं, बहुतेकांना परवडतं. गोची रसाची आहे: चार-पाच संत्री एका ग्लासात मावतात आणि दोन घोटांत संपतात. आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, त्या दिवसांत आमच्याकडचे रिपोर्ट बघितले तर कळमन्याच्या बाजारात आवक वाढली का हे सांगता येईल, इतका फरक मला जाणवतो. शहाळं मात्र नाहीच. एका शहाळ्यात ३००-४०० मिली पाणी, म्हणजे पाऊण ते एक ग्रॅम पोटॅशियम. काकाजींनी रविवारी जवळजवळ पूर्ण दिवसाचा वाटा फक्त पाण्यातून घेतला होता, वर जेवण वेगळं. आणि कमरख, ज्याला फळवाले स्टारफ्रूट म्हणतात, ते एक फोडसुद्धा नको. त्यातलं विष किडनीच्या पेशंटच्या मेंदूवर जातं. उचकी थांबत नाही, मग भ्रम, झटके.

आलू, रताळं, पालेभाजी यांचं पाणी काढता येतं, पण नीट काढायला हवं. नुसतं रात्रभर भिजत टाकून फारसं काही होत नाही. साल काढा, बारीक फोडी करा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेका, मग फोडणीला टाका. जवळपास निम्मं पोटॅशियम त्या पाण्याबरोबर जातं. कुकरमध्ये थोड्या पाण्यात शिजवून तेच पाणी भाजीत ठेवलं तर सगळी मेहनत वाया. तर्री-पोह्यांतले पोहे चालतील, वरची चण्याची तर्री वाटीभर ओतून घेऊ नका. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरला तर त्याने कोणाचं पोटॅशियम वाढत नाही, तेवढा खुशाल घ्या.

उपासाचं वेगळं सांगते, कारण इथे माणूस देवाचं करतो म्हणून कोणी बोलत नाही. उपासाच्या ताटात काय असतं? आलू, रताळी, शेंगदाणे, राजगिरा, केळी, खजूर. सगळेच पोटॅशियमचे डबे. आणि निरंकार उपास केला तर पोटात काही न जाताही पोटॅशियम वाढतं: इन्सुलिन कमी झालं की पेशी पोटॅशियम बाहेर सोडतात. म्हणजे दोन्हीकडून मार. आमच्या एका आजींनी तोडगा काढला: चतुर्थीला चंद्रोदयापर्यंत थांबायचं नाही, साबुदाण्याची खीर दोनदा थोडी थोडी. खिचडी नाही, कारण तिच्यात आलू आणि दाण्याचं कूट. त्यांचा बाप्पा रागावला नाही.

ताट स्वच्छ असूनही आकडा वर असेल तर ताटावरच संशय धरून बसू नका. बीपीच्या गोळ्या बघा. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांनी वाढतं. गुडघेदुखीच्या गोळ्या बघा. साखर ४००च्या पुढे असेल तर पोटॅशियम पेशीतून ओढून बाहेर काढलं जातं आणि लघवी होत नसल्याने ते बाहेर पडत नाही. काळी संडास होत असेल तर आतड्यात रक्त जातंय, ते पचून पोटॅशियम वाढतं. रक्त चढवलं असेल तर तेही धरा. आणि फिस्टुला, म्हणजे सुया टोचायला हातावर जोडून केलेली नस, बघा: सुया जवळ जवळ टोचल्या गेल्या किंवा पुढे नस आवळली असली तर तेच तेच रक्त मशीनमध्ये फिरतं, चार तास होऊनही काम दोन तासांचं होतं.

पोटॅशियम फार उतरलं, तर तेही वाईट. जुलाब, उलट्या, जेवण नाही, किंवा पोटाचं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी. तिथे रोज पोटॅशियम बाहेर जात असतं आणि बऱ्याच जणांना कमी पडतं. सीएपीडीवाल्याने मशीनवाल्याचा डाएट चार्ट भिंतीला लावू नये. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्याला कमी पोटॅशियम जास्त बाधतं. त्याच्या मशीनला २ च्या ऐवजी ३ पोटॅशियमचा बाथ (मशीनमधलं रक्त साफ करणारं द्रावण) लागतो का, हे डॉक्टरांना विचारा.

पाय जड झाले त्या रात्री

पोटॅशियम ६.५ झालं तरी अनेकांना काहीच होत नाही. म्हणूनच ज्याला होतं त्याने थांबायचं नाही. मांड्या जड, जिना चढवत नाही, छातीत धडधड किंवा नाडी मंद, ओठांभोवती मुंग्या. यातलं काही असेल आणि डायलिसिसला दोन-तीन दिवस झाले असतील, तर सकाळच्या शिफ्टची वाट बघू नका. ज्या हॉस्पिटलमध्ये रात्री मशीन चालू होते तिथे जा, गाडी नसेल तर १०८ लावा. दारातच पहिलं वाक्य हे बोला: "डायलिसिसचा पेशंट आहे, शेवटचं अमुक वारी झालं, आधी ईसीजी काढा."

ईसीजीत डॉक्टर टोकदार, उंच टी लाटा शोधतात. पुढे पी लाट पुसट होते, मधली क्यूआरएस लाट रुंद होत जाते. पण ईसीजीची पट्टी साधी दिसली म्हणजे सुटलो असं नाही.

आत काय काय करतात ते समजून घ्या, म्हणजे घाबरगुंडी उडणार नाही. पहिलं इंजेक्शन कॅल्शियम ग्लुकोनेटचं, १० टक्क्यांचं १० मिली, काही मिनिटांत. त्याने पोटॅशियम एका पॉइंटनेही उतरत नाही. फक्त हृदयाला अर्धा-एक तास आवरून धरतं. मग इन्सुलिन १० युनिट, सोबत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज १०० मिली. दम्याला देतात ते साल्ब्युटॅमॉल वाफेतून, पण दम्याच्या चार ते आठपट. ही दोन्ही पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतात. पाहुणे आले म्हणून पसारा पलंगाखाली सरकवावा, तसं. चार-सहा तासांत पसारा परत बाहेर येतो. खरं बाहेर काढणारी एकच गोष्ट, डायलिसिस. म्हणून "आता ५.६ झालं, सकाळी मशीन लावू" असं कोणी म्हणालं, तर नम्रपणे विचारा की ५.६ किती वाजता आणि इन्सुलिननंतर किती तासांनी.

एक पाळत घरच्यांनीही ठेवायची. किडनी बंद असलेल्यात इन्सुलिन लवकर विरत नाही, साखर दोन-तीन तासांनी अचानक पडू शकते. पुढचे सहा तास तासा-तासाने साखर बघायला सांगा. घाम सुटला, बडबड सुरू झाली तर लगेच हाक मारा.

घरात पडलेलं के-बाइंडचं (पोटॅशियम आतड्यात बांधणाऱ्या पावडरचं) पाकीट या वेळी उपयोगाचं नाही. ते काही तासांनी काम करतं आणि बद्धकोष्ठ करतं.

पायरी ३: पाणी मोजण्याआधी मीठ मोजा

सगळे पेशंटला एकच बोलतात: पाणी कमी पी, पाणी कमी पी. नागपूरच्या नवतप्यात, पारा ४५-४६ वर असताना, हे सांगणारा स्वतः कूलरसमोर बसून गार पाणी पीत असतो. तहान मनाने आवरत नाही, ती मिठाने लागते. ८ ग्रॅम मीठ शरीरात गेलं की ते १ लिटर पाणी मागून घेतंच. ठेचा, लोणचं, पापड, शेव-चिवडा, सावजीचा रस्सा: एका बैठकीत हे ८ ग्रॅम सहज होतात, आणि मग त्या माणसाला पाण्याला नाही म्हणणं हा छळ आहे. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत आणा, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळं धरून. सैंधव, काळं मीठ हेही मीठच. 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणारं मीठ तर हातात घेऊ नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं.

मग पाणी. दिवसभराची लघवी मोजा, त्यात अर्धा ते पाऊण लिटर मिळवा. तेवढं सगळं मिळून, चहा, वरण, ताक धरून. खूप घाम येत असेल तर थोडं वाढवून घ्या, पण डॉक्टरांशी बोलून. तांब्याने पिणाऱ्याला कधीच कळत नाही किती गेलं. सकाळी एक बाटली भरून ठेवा. चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून झाडाला ओता. बाटली संपली, दिवस संपला.

मशीनवर किती पाणी काढायचं यालाही मर्यादा आहे: तासाला, किलोमागे १३ मिलीच्या आत. ६० किलोच्या माणसाला चार तासांत साधारण ३ किलो. काकाजी साडेतीन घेऊन आले होते, म्हणजे वेळ वाढवणं भाग होतं. हट्टाने चार तासांतच काढलं तर गोळे येतात, बीपी पडतं, आणि ते पडू नये म्हणून काही ठिकाणी मशीनचं सोडियम वाढवून ठेवतात. त्याने त्या दिवशी पेशंट खूश होऊन घरी जातो. पण ते सोडियम रक्तात राहतं, रात्री तहान लागते, पुढच्या वेळी वजन आणखी वर. मला हा उधारीचा धंदा वाटतो. मशीनचं सोडियम किती ठेवलंय, १३८ की १४५, हे विचारायला संकोचू नका.

रिपोर्टमध्ये सोडियम कमी दिसलं की लोक मीठ वाढवतात. थांबा. डायलिसिसवरच्या माणसाचं सोडियम १२८ असेल तर बहुतेक वेळा मीठ कमी नसतं, पाणी जास्त असतं. वजनकाट्यावर उभं करा, कळेल. साखर खूप वाढली असली तरी सोडियम खोटं कमी दिसतं. आणि खरोखरच १२० च्या आसपास असेल तर ते घाईने वर आणणं मेंदूला घातक असतं, दिवसात आठापेक्षा जास्त नको. नेहमीच्या सेटिंगवर चार तास मशीन लावली तर नेमकं तेच होतं. डॉक्टर अशा वेळी मशीनचं सोडियम खाली आणतात, रक्ताचा वेग कमी ठेवतात, वेळ तोडतात.

पायरी ४: आम्ल

अन्नातल्या प्रथिनांमधून शरीर रोज आम्ल बनवतं, किलोला साधारण १ मिलिइक्विव्हॅलंट. चांगली किडनी ते टाकून देते. इथे ते टाकलं जात नाही, रक्तातलं बायकार्बोनेट त्यावर खर्च होतं, आणि ते संपलं की शरीर हाडांमधला आणि मांसातला ऐवज मोडून वेळ निभावतं. म्हणून महिनोन्महिने बायकार्बोनेट १६-१७ वर राहिलेला माणूस दंडातून वाळत जातो. डायलिसिसआधीचा आकडा २२ च्या आसपास असावा. रक्त उघड्या नळीत बराच वेळ राहिलं तर वायू उडून आकडा खोटा कमी येतो, हे लक्षात ठेवा.

ब्लड गॅसचा कागद हातात पडला तर असा वाचा. समजा सामू (पीएच) ७.२९, कार्बन डायऑक्साइड ३०, बायकार्बोनेट १४, सोडियम १३६, क्लोराइड ९८. सामू ७.३५ च्या खाली, म्हणजे रक्त आम्लाकडे. बायकार्बोनेट कमी, म्हणजे दोष फुप्फुसांचा नाही. आता फुप्फुसं मदत करताहेत का? १४ ची दीडपट २१, अधिक ८, झाले २९, दोन इकडे-तिकडे. कागदावर ३०. म्हणजे माणूस जोरात श्वास घेऊन तोल सांभाळतोय. पुढे, १३६ मधून ९८ आणि १४ वजा करा: २४. याला अॅनायन गॅप म्हणतात, निरोगी माणसात ८ ते १२. आपल्या पेशंटमध्ये तो थोडा वरच असतो, आणि एक डायलिसिस चुकलं असेल तर २४ ला कारण मिळालं. पण डायलिसिस काल झालेलं असूनही २४ आला, तर शोधाशोध हवी: संसर्ग, लॅक्टेट, साखरेचे कीटोन, कोणी चुकून चालू ठेवलेली साखरेची गोळी मेटफॉर्मिन. इथेही घड्याळच.

आता त्याच कागदावर बायकार्बोनेट १४ आणि कार्बन डायऑक्साइड ४० असता तर? 'चाळीस तर नॉर्मल आहे' म्हणून पुढे जाऊ नका. सामू ७.१६ होतो. २९ असायला हवा होता तिथे ४० म्हणजे फुप्फुसं थकली आहेत किंवा पाण्याने भरली आहेत. हा माणूस बसल्या जागी बिघडणार आहे.

उलट्यांचं उलट आहे. पोटातलं आम्ल बाहेर जातं, रक्तात अल्कली साठते आणि किडनी नसल्याने ती टाकता येत नाही. अशा वेळी नेहमीचा ३५ बायकार्बोनेटचा बाथ ती उतरवणार नाही. मशीनवर सेटिंग कमी करायला सांगावं लागतं.

सोडामिंटच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत साधारण ६ मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट मिळतं, सोबत तितकंच सोडियम. डॉक्टरांनी दिल्या तर घ्या. पण छातीत जळजळतं म्हणून खाण्याचा सोडा चमच्याने पिऊ नका. त्या एका चमच्यात दहा गोळ्यांचं सोडियम असतं. आणि ज्याचं कॅल्शियम आधीच कमी आहे त्याला सलाइनमधून झपाट्याने बायकार्बोनेट दिलं तर हातांची बोटं आखडतात, झटका येऊ शकतो. आधी कॅल्शियम बघायचं असतं.

कॅल्शियम, फॉस्फरस

हे महिन्यांचं दुखणं आहे, तासांचं नाही, म्हणून इथे थोडक्यात. कॅल्शियम वाचताना अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, शेजारी ठेवा. अल्ब्युमिन ४ च्या खाली जितकं, त्या प्रत्येक १ ला कॅल्शियममध्ये ०.८ मिळवा. फॉस्फरस ५.५ च्या आत हवा, आणि तो डायलिसिसने पुरेसा निघत नाही. म्हणून सेव्हेलेमर किंवा कॅल्शियम अॅसिटेटची गोळी जेवणाच्या मधे घ्यायची. जेवून तासाभराने घेतली तर ती नुसती गोळी गिळणं झालं, फॉस्फरस तोपर्यंत आत गेलेला असतो. रात्री अंग खाजतं, डोळे लाल राहतात, तर क्रीम आणण्याआधी हा आकडा काढा. काळी थंड पेयं आणि पाकीटबंद खाऊ यांत घातलेला फॉस्फेट जवळपास पूर्ण अंगी लागतो. डाळीतला तितका लागत नाही.

मशीनच्या मागे

मशीनला दोन कॅन असतात, ए आणि बी. एकाच कॅनमध्ये का नाही? कारण कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घट्ट द्रावणात एकत्र आले की खडू तयार होतो, जसा गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तसा. म्हणूनच १९६४ पासून बरीच वर्षं बायकार्बोनेटऐवजी अॅसिटेट वापरत. त्यात बीपी पडायचं, मळमळायचं. आता मशीन दोन्ही कॅनमधलं द्रावण ऐन वेळी, भरपूर पाण्यात मिसळते. ए कॅनच्या लेबलवर पोटॅशियम आणि कॅल्शियम छापलेलं असतं. माल बदलला की लेबल बदलतं, आणि सगळ्यांना एकच कॅन लावण्याची सवय जिथे आहे तिथे तुमच्या माणसाला ते चालतं का, हे एकदा बघून घ्या.

मिनिटाला ५०० मिलीने चार तासांत १२० लिटर पाणी तुमच्या रक्ताला पडद्याआडून भिडतं. नागपूरला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात नळ कमी झाला की टँकर किंवा बोअर लागतो, आणि पाण्याची जडता, क्लोरीन सगळं बदलतं. आरओ चांगला असेल तर पेशंटला कळतही नाही. पण एकाच शिफ्टमध्ये तिघा-चौघांना डोकेदुखी, उलटी, बीपी वर असं सुरू झालं तर ते तिघांचं जेवण नसतं. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम रक्तात जात असतं. नवीन मुलांना माझं सांगणं: असं दिसलं की एकेका पेशंटची फाइल उघडत बसू नका, मशीन थांबवा आणि आरओच्या खोलीत जा. क्लोरीनची तपासणी शिफ्टच्या आधी करायची असते, ०.१ च्या आत, आणि रजिस्टरमध्ये सही त्यानंतर.

सगळेच आकडे गोड आले तर

हे कोणी सांगत नाही. पोटॅशियम ३.९, फॉस्फरस २.८, बायकार्बोनेट २७, तेही तीन दिवसांच्या फटीनंतर, डायलिसिसआधी. घरचे पेढे आणायला निघतात. मी आधी विचारते, काकू जेवतात का? आम्ल बनत नाही, फॉस्फरस वाढत नाही, कारण प्रथिनंच पोटात जात नाहीत. पथ्याच्या धाकाने कित्येक घरांत पेशंटला भात आणि दुधीभोपळ्यावर ठेवलेलं असतं. त्यातच मांस झडतं, जागा पाणी घेतं, काटा तेच वजन दाखवतो आणि 'ड्राय वेट', म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं ठरवलेलं वजन, जुनंच राहतं. अंड्याचा पांढरा भाग, मासा, पनीर, नेमून दिलेलं वरण द्या. या पेशंटला पथ्य सैल करणं हाच उपचार.

वही

शाळेची शंभर पानी वही पुरते. डाव्या पानावर वार, आधीचं वजन, नंतरचं वजन, बीपी. उजव्या पानावर रिपोर्ट, प्रत्येक आकड्यापुढे 'आधी' किंवा 'नंतर'. खाली दोन ओळी माणसाच्या भाषेत. एका काकूंच्या वहीतलं पान असं होतं: "सोमवार. आधी ५८.४, नंतर ५६. पोटॅशियम ५.९ आधी. दोन दिवस संडास नाही. रविवारी साक्षगंधाला गेलो होतो, आलूवडा २." हे वाचून डॉक्टरांनी औषध वाढवलं नाही. लॅक्टुलोज लिहिलं आणि वड्यावर बोलले. पुढच्या सोमवारी ५.१.

वहीच्या पहिल्या पानावर हे हवं: ड्राय वेट, कोणत्या हातात फिस्टुला, मशीनचा पोटॅशियम आणि सोडियम बाथ, रोजच्या गोळ्या, नेहमीच्या युनिटचा फोन. आणि आधीच आखलेले सणावाराचे दिवस. मारबतीला महाल-इतवारीतून निघणं मुश्कील, दिवाळीत गावी जाणं ठरलेलं. तेव्हा डायलिसिस पुढे ढकलू नका, एक दिवस अलीकडे घ्या. काकाजींच्या वहीत आता शनिवारच्या रकान्यात मुलाने लाल पेनने लिहून ठेवलंय: उपास सोडला, सोमवारी आधी ५.४.